हेलपाटा वाचवणारी अ‍ॅप्स (बाकीची मी उडवली)

परवा फोन भरला, फोटोच निघेना, म्हणून रात्री बसून अ‍ॅप्स उडवायला घेतली. पाणी प्यायची आठवण करून देणारं एक होतं. रोजचा खर्च लिहायचं एक, त्यात सलग अकरा दिवस अगदी कोथिंबिरीसकट हिशोब आणि मग एकदम शांतता. ध्यानाचं एक, ते उघडलं की आधी सबस्क्रिप्शनचे पैसे मागायचं, मन तिथेच अशांत. सगळी गेली. आणि उरली कुठली म्हणून बघितलं तर जी रील्समध्ये कोणी सांगत नाही तीच, बहुतेक सरकारी छापाची, दिसायला रुक्ष, मधेच लटकणारी. पण प्रत्येकाने माझा निदान एक हेलपाटा वाचवलाय. माझी आता हीच कसोटी आहे बाई, घराबाहेरची एक फेरी वाचली तर अ‍ॅप राहील, नाहीतर जाईल.

पहिला मान जीवन प्रमाणचा. बाबा रेल्वेत होते, आईला फॅमिली पेन्शन आहे, म्हणजे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला आलाच. मी रजा टाकायची, आईला रिक्षात घालून बँकेत न्यायचं, तिथे आधीच वीस-पंचवीस आजी-आजोबा खुर्च्या धरून बसलेले, आणि एवढं करून मशीनवर आईचा अंगठा उमटायचाच नाही. जन्मभर भांडी घासून, नारळ सोलून बोटांच्या रेषाच गेल्यात तिच्या. एका वर्षी हात धुवून, पुसून, क्रीम लावून, दहाच्या दहा बोटं टेकवून झाली, शेवटी काउंटरवरचा मुलगा म्हणाला उद्या या. आई रिक्षात म्हणाली, "मी जिवंत आहे ना गं नक्की?"

चेहरा दाखवून दाखला निघतो, ही सोय २०२१ पासून आहे, मला मात्र कळली खूप उशिरा. प्ले स्टोअरवरून दोन अ‍ॅप्स घ्यायची, जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी (हे दुसरं उघडायला गेलात तर काही दिसणार नाही, घाबरू नका, ते मागच्या मागे काम करतं). आधी ऑपरेटर म्हणून तुमचा स्वतःचा आधार नंबर आणि चेहरा, मग पेन्शनवाल्याचा आधार, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा), खाते नंबर वगैरे. पीपीओचा कागद आधी शोधून ठेवा, आमचा देवघराखालच्या कप्प्यात उदबत्तीच्या पुड्यांमध्ये निघाला. मग चेहरा. मी आईला खिडकीकडे पाठ करून बसवलं होतं, तोंड काळंच येत होतं, उजेड समोरून हवा हे तिसऱ्या खेपेला डोक्यात आलं. चष्मा काढला. ते डोळ्यांची उघडझाप मागतं, मी म्हटलं आई डोळे मिचकाव, तर ही एकच डोळा मिचकावते आणि स्वतःच हसत सुटते, हसली की मान हलते, मान हलली की परत पहिल्यापासून. पाचव्यांदा झालं एकदाचं. थोड्या वेळात प्रमाण आयडीचा मेसेज आला, तो आईने मोठ्याने वाचून दाखवला, मलाच. ऐंशी वर्षांपुढच्या केंद्राच्या पेन्शनरांना तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही.

दुसरं, कोकणात ज्यांची वाटून न झालेली जमीन आहे त्यांच्यासाठी. आमच्या सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली पाच स्वर्गवासी. पूर्वी एका उताऱ्यासाठी कोणीतरी गावी जायचं, तलाठी दुसऱ्या सजाला गेलेले असायचे, की परत. आता महाभूलेखच्या साइटवर जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाकला की सातबारा फुकट दिसतो, पण तो फक्त बघण्यापुरता. कर्जाला किंवा कचेरीत द्यायचा असेल तर डिजिटल सही असलेला काढायचा, १५ रुपये पडतात, आधी साइटवरच्या आपल्या खात्यात पैसे भरून ठेवावे लागतात. या नादात घरोघरी सांगावी अशी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे 'आपली चावडी' ही सरकारी साइट. तिथे गावातल्या फेरफाराच्या (जमिनीच्या नोंदीत होणाऱ्या बदलाच्या) नोटिसा दिसतात, हरकत घ्यायला १५ दिवस असतात. नोटीस गावच्या चावडीवर लागते आणि आपण बसलेलो असतो डोंबिवलीला, कोण बघणार? मी महिन्यातून दोनदा बघते. भाऊबंदांवर विश्वास आहे हो, तरी बघते.

संचार साथी तर आजच्या आज उघडा. आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते तिथे दिसतं. माझ्या नावावर तीन निघाले, त्यातला एक कोणाचा मला आजही ठाऊक नाही, कधीतरी एका दुकानात सिम घेताना आधारची झेरॉक्स दिली होती तेवढं आठवतंय. "माझा नंबर नाही" अशी खूण केली. तेव्हापासून आधारची झेरॉक्स कोणी मागितली की मी मास्क केलेलं देते, आधारच्या साइटवरून निघतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. फोन हरवला तर तो सगळ्या नेटवर्कवर ब्लॉक करायची सोयही संचार साथीवरच आहे.

डिजिलॉकर बऱ्याच जणांकडे असेल, फक्त एक लक्षात ठेवा, लायसन्सचा गॅलरीतला फोटो चालत नाही, डिजिलॉकरने आणून दिलेलं लायसन्स चालतं. आणि भाजीवाल्याकडे पिन दाबत उभं राहायचा कंटाळा येत असेल तर यूपीआय लाइट चालू करा, १००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. पासबुकात मिरची २० रुपये, लिंबू १० रुपये अशी रांगही लागत नाही. लाइटच्या वॉलेटमध्ये मी जास्त पैसे भरून ठेवत नाही, फोन हरवला तर तेवढेच जातील.

आता जे अजिबात घेऊ नका ते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅप इन्स्टॉल करणारी. आरटीओ चलान म्हणून येते, लग्नपत्रिका म्हणून येते, आईला तर "पेन्शन अपडेट" म्हणून आली होती आणि तिने उघडायला बोट नेलंसुद्धा होतं, नशीब की नेट संपलं होतं. पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागते का? अ‍ॅप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरूनच, तिथेही कोणी बनवलंय ते नाव वाचून, कारण सरकारी नावांशी मिळतीजुळती भरपूर आहेत. आणि पैसे गेलेच तर रडत बसू नका, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, जितका लवकर लावाल तितकी पैसे मधेच अडवले जायची शक्यता जास्त. हा नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलाय, गॅसवाल्याच्या नंबराच्या वर.

यंदाच्या नोव्हेंबरात शेजारच्या काकू आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा, दोघांचेही दाखले आमच्याच हॉलमध्ये काढायचं ठरलंय. ऑपरेटर मी. आणि दोन्ही डोळे एकदम कसे मिचकावायचे ते शिकवायचं काम आईने परस्पर स्वतःकडे घेतलंय.