पालकांसह यावे

आमच्या घरात बिनलग्नाचा माणूस आता एकच उरला आहे, आणि तो मी. त्यामुळे ज्या कामाला कुणी वाली नसतो ते आपसूक माझ्याकडे येतं. सिलिंडर लावणं, आईला दातांच्या डॉक्टरकडे नेणं, सत्यनारायणाला केळीचे खांब आणणं, आणि हल्ली रविवारी सकाळी थोरल्या पुतणीला आणि धाकट्या पुतण्याला खेळण्यांच्या दुकानात घेऊन बसणं. "भावजी, तुम्हांला रविवारी काय काम असतं?" असं वहिनी विचारतात. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं, पण उत्तराला जागा नसते. दादा त्या वेळी पेपरात इतका खोल गेलेला असतो की हाक मारली तरी वर यायला त्याला दुपार होते.

दुकान इंदूरच्या रामबागेत, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. माझ्या लहानपणी तिथे मोठे शेठ गादीवर बसत. त्यांच्या डोक्यावर पाटी होती, 'कृपया हाथ न लगाएँ', आणि पाटीवर भरवसा नसल्याने मांडीवर फूटपट्टी होती. खेळणं मागितलं की ते काचेच्या कपाटातून काढून स्वतःच चालवून दाखवत. चावी तेच देत, माकडाला टाळ वाजवायला तेच लावत, आणि मग ते खोक्यात परत ठेवून किंमत सांगत. आमचं बालपण असं शेठजींना खेळताना बघण्यात गेलं.

आता गादी नातवाकडे आहे. तो एमबीए करून आला, आणि तिथे त्याला बहुधा पहिल्याच तासाला शिकवलं असावं की मूल खेळण्याला हात लावेल तर सोडताना रडेल, आणि रडेल तर खेळणं खपेल. त्याने पाटी काढली, मधली कपाटं हलवून प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं आणि बाहेर फलक लावला: 'हर संडे फन डे. प्रवेश निःशुल्क. बच्चे पालक के साथ आएँ.' यातली पहिली दोन वाक्यं मुलांसाठी आहेत. तिसरं वाक्य म्हणजे मी.

पालकांना बसायला खुर्च्या असतात. पण दुकान खेळण्यांचं, त्यामुळे खुर्च्याही विकाऊ मालातल्याच, वय वर्षं तीन ते सहा. एकीच्या पाठीवर हत्ती, एकीच्या पाठीवर बदक. बसलं की गुडघे कानाशी येतात, आणि उठताना बदक आपल्याबरोबर उठतं. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय आपल्याकडे खेळणं विकता येत नाही. टोक बोचतं का, तुकडा सुटून पोराच्या घशात जाईल का, रंगात शिसं आहे का, चटकन पेट घेतं का, सगळं तपासतात म्हणे. बदकात अडकलेला काका कसा सोडवायचा, याची चाचणी मात्र त्यात दिसत नाही.

वहिनींचा यात एक अंतस्थ हेतूही होता. "जरा चार लोकांत दिसाल, भावजी. मुलांची आवड आहे हे कळेल लोकांना." आता तिथे येणारी प्रत्येक बाई कुणाची तरी आई असते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्या सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघतात आणि आपापल्या नवऱ्याला कोपराने ढोसतात, "देखो, कितने अच्छे पापा हैं." स्थळं सुचवणाऱ्या एक मावशी त्याच रस्त्याने मंडईत जातात. त्यांनी काचेतून मला दोन पोरांसह पाहिलं आणि 'धाकट्याने गुपचूप उरकलं, दोन मुलंही आहेत' ही बातमी संध्याकाळच्या आत रामबागभर केली.

उपक्रम काय, दर आठवड्याला नवा. गोष्टी सांगणं, चित्रं रंगवणं यात पालकाला डुलकी काढता येते, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. स्लाइमच्या दिवशी डुलकी महागात पडते. स्लाइम म्हणजे पांढरा गोंद आणि टाकणखाराचं पाणी. गोंदातल्या लांबच लांब साखळ्या टाकणखार एकमेकींना बांधतो आणि ताणला जाणारा एक लिबलिबीत गोळा तयार होतो. आई म्हणाली, "टाकणखार? तोंड आलं की लावायचो आम्ही." धाकट्याने तो सोफ्याला लावला. व्हिनेगरने सुटतो असं कुणीतरी सांगितलं, आणि खरंच सुटला. फक्त पुढे बरेच दिवस आमच्या दिवाणखान्यात शिरणाऱ्या पाहुण्याला मंचुरियनची भूक लागे.

रुबिक क्यूबची स्पर्धाही झाली. एर्नो रुबिक या हंगेरीतल्या वास्तुकलेच्या प्राध्यापकाने १९७४ साली हा ताप निर्माण केला. त्याच्या मांडण्या किती, तर ४३ लिहून पुढे आणखी अठरा आकडे लिहावे लागतात. आणि कसाही विस्कटलेला असो, तो वीस चालींत सुटतो असं २०१० साली सिद्ध झालं. आमच्या पिढीची रीत याहून सोपी होती: नखाने स्टिकर काढायचे आणि हव्या त्या बाजूला चिकटवायचे. हल्लीचे क्यूब आतूनच रंगीत येतात, त्यामुळे सचोटी सक्तीची झाली आहे.

एकदाच काही वेगळं झालं. झाबुआकडचे एक कारागीर आले होते. कापड, कापूस, तार, दोरा एवढ्यातून भिल्ल जोडी उभी करत होते; पुरुषाच्या हातात धनुष्यबाण, बाईच्या डोक्यावर टोपली. झाबुआ आमच्यापासून दीडशे किलोमीटरवर. तिथल्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला याच बाहुल्यांसाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. एरवी किंचाळणारं ते गवत तासभर गप्प होतं. बाहुलीच्या डोळ्यांचे टिपके पडले तेव्हा तर थोरलीने श्वास धरला होता. मी नातवाला म्हटलं, दर महिन्याला बोलवा यांना. तो म्हणाला, "भिया, अच्छा तो बहुत है, पर इसका किट नहीं बिकता."

हे किट म्हणजे त्या निःशुल्क प्रवेशाची नि:सरणाची वाट. स्लाइमचं किट, क्यूबचं तेल, रंगांचा संच, सगळं दाराशीच काउंटरवर मांडलेलं असतं, आणि मुलाच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर. 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' जाहीर झालं तेव्हा मला हायसं वाटलं. टाकाऊतून टिकाऊ. याला किट कसलं?

ग्रुपवर शनिवारी रात्री यादी आली: जोड्यांचं रिकामं खोकं, प्लास्टिकची रिकामी बाटली, आइस्क्रीमच्या काड्या, जुन्या बांगड्या, रद्दी. यादी साधी होती. अडचण एवढीच की आम्ही इंदूरला राहतो.

२०१७ साली हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि मग त्याला दुसरं येणं जमेचना. रोज सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते. कचरा सहा प्रकारचा: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घरगुती घातक. आई या सहाही शास्त्रांत पारंगत आहे. गाडीचं गाणं कोपऱ्यावर ऐकू आलं की ती पदर खोचून उठते आणि देवाला नैवेद्य दाखवावा तसा दोन्ही हातांनी कचरा देते. आमच्या घरात खोकं रिकामं होणं आणि ते गाडीत जाणं यात जेमतेम एक चहा होतो. अशा घरात शनिवारी रात्री टाकाऊ वस्तू? "मी काय घाण साठवून ठेवते होय रे?" आई दुखावून म्हणाली. शेजारी विचारलं, तिथेही निर्मळ. रद्दीसुद्धा नव्हती, ताजा पेपर होता, पण त्यात दादा होता.

शेवटी मी स्कूटर काढून सराफ्यात गेलो. दिवसा सोन्याचांदीचा, रात्री खाण्याचा बाजार. इथे तरी काही फेकलेलं सापडेल. एका डब्यात वाकून बाटली शोधतोय तोच मागून आवाज आला, "भिया, क्या गिर गया?" आणि इंदूरच ते, पाहतापाहता पाचसहा माणसं मदतीला वाकली. एकाने मोबाइलचा दिवा धरला. अंगठी पडली का, चावी पडली का? मी खरं सांगितलं की कचरा हवा आहे. दिवा धरणाऱ्याने तो हळूच माझ्या चेहऱ्यावर फिरवला, मग खिशातून दहाची नोट काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "कुछ खा लेना."

जोड्यांच्या दुकानात नुसतं खोकं मिळेना. "जूते लो भिया, डिब्बा फ्री." घेतले. ७५० रुपये. बूट माझ्या पावलाला एक नंबर मोठे आहेत, पण खोकं मोठं हवं होतं. बाटलीसाठी शीतपेय विकत घेऊन प्यायलो. आइस्क्रीमच्या काड्या, पन्नास नग, एका पुडक्यात, खेळण्यांच्या त्याच दुकानात मिळाल्या, काउंटरवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

या सगळ्याचा मिळून पेनस्टँड झाला. कापणं, चिकटवणं, वाळेपर्यंत धरून बसणं हे माझं. वरून चमकी उधळणं थोरलीचं. प्रशस्तिपत्रक तिला मिळालं आणि कौतुकही झालं. सोमवारी गाडी आली तेव्हा आईने तोही उचलला. पण पुठ्ठा सुका, बाटली प्लास्टिक, काड्या लाकडी, चमकी कशात, आणि गोंदाने सगळं एकजीव झालेलं. गाडीवाल्याने तो फिरवून फिरवून पाहिला, सहाही कप्प्यांकडे नजर टाकली आणि अदबीने परत दिला. "माताजी, ये हमारे में नहीं आता." आता त्यात आईच्या स्वेटरच्या सुया असतात.

३१ मे, अहिल्याबाईंची जयंती. त्या निमित्ताने दुकानात वेशभूषा स्पर्धा, विषय 'हमारा इंदौर'. मुलींमध्ये विचार करायला जागाच नव्हती: पांढरं पातळ, डोक्यावर पदर, तळहातावर शिवलिंग. सगळं गवत अहिल्याबाईंनी भरलं होतं. त्यांतल्या दोघींची थर्माकोलची पिंड बदलली आणि न्यायाबद्दल जिची आख्यायिका सांगतात त्या देवीने दुसऱ्या देवीच्या झिंज्या धरल्या. थोरली तिसरी. तिने भांडण सोडवलं नाही, पण जाहीर केलं की दोन्ही पिंडी पहिल्या तिच्याच होत्या.

धाकट्याला व्हायचं होतं कचऱ्याची गाडी. म्हणजे पुन्हा पुठ्ठा, पुन्हा मी. छातीवर सहा कप्पे रंगवले आणि तोंडपाठ करून घेतलं. माइकसमोर तो झोकात उभा राहिला. "गीला! सूखा! प्लास्टिक! सॅनिटरी..." इथे थांबला. माझ्याकडे वळला आणि त्याच माइकमधून, त्याच आवाजात, "काका, सॅनिटरी म्हणजे काय रे?" दुकानभर शांतता. एकजात सगळ्या आया माझ्याकडे बघताहेत. मी उठलो, बदकही उठलं. "घरी सांगतो" एवढंच सुचलं. तेवढ्यात पहिलीतल्या एका अहिल्याबाईने पिंड काखेत मारून माइक हातात घेतला आणि खणखणीत सांगितलं, "डायपर!" राज्यकारभाराची अशी जाण हल्ली दुर्मीळ. बक्षीस मात्र पोह्यांच्या बशीला गेलं. पिवळ्या लोकरीची शेव, गळ्यात जिलबी, आणि परीक्षकांवर चिमूट चिमूट जीरावण मसाला टाकत आलेला तो पोरगा. इंदुरात पोह्यांविरुद्ध अपील नसतं.

मग आली खेळण्यांची अदलाबदल. एक जुनं खेळणं द्या, एक जुनं घ्या. यात किट नाही, पुठ्ठा नाही, मी निर्धास्त होतो. धाकटा घरून काहीतरी पिशवीत घेऊन आला आणि मोबदल्यात पोलिसांची जीप घेऊन गेला. तीन चाकांची. तिचा सायरन एकदा चालू झाला की आपल्या मर्जीने थांबतो, आणि त्याची मर्जी फार क्वचित लागते. त्या आवाजाने दादासुद्धा पेपरातून वर आला, आणि आला तो नेमका कपाटाकडे गेला. त्याचा मेकॅनोचा डबा नव्हता.

१९०१ साली लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने पेटंट घेतलेलं हे खेळणं, पट्ट्या, नट-बोल्ट, चाकं. दादाला तो संच मुंजीत मिळाला होता आणि मला त्याला आजतागायत हात लावू दिलेला नव्हता. मोठ्या शेठजींची पाटी आमच्या घरात हस्ते दादा चालू होती. "जा, घेऊन ये," दादा म्हणाला. कुणी आणायचा याची चर्चा झाली नाही.

संच नेणारा मुलगा मागच्याच गल्लीत राहतो. असेल सातआठ वर्षांचा. अंगणात त्याने मेकॅनोची क्रेन उभी केली होती, आणि ती दादाच्या कुठल्याही क्रेनपेक्षा सरस होती हे मी घरी सांगितलेलं नाही. मी जीप पुढे केली. त्याने ती ओळखली. "अंकल, ये तो मेरी ही थी. बड़ी मुश्किल से निकाली है."

मी चॉकलेट म्हटलं, क्यूब म्हटलं. तो क्रेनचा बोल्ट आवळत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "वो पेन स्टैंड आपने बनाया था ना? दीदी ने तो बस चमकी लगाई थी. मैंने देखा था."

मी गप्प.

"अगले संडे फिर बेस्ट आउट ऑफ वेस्ट है. मेरे को एयरपोर्ट चाहिए. रनवे वाला."

डबा काखेत मारून निघालो. चौकातलं जोड्यांचं दुकान अजून उघडं होतं. मालकाने लांबूनच मला ओळखलं आणि गादीवरून उठत विचारलं, "आओ भिया, कौन-सा डिब्बा दिखाऊँ?"