बत्तीस नंबरची बस आणि नाणेघाट

परवा घरच्या ग्रुपवर दादाचा जुन्नरहून मेसेज : ‘परप्रांतीयांना खोल्या भाड्याने देणं बंद करा.’ खाली अकरा अंगठे. आणि दादाचा डीपी कुठला? नाणेघाटातला जकातीचा रांजण!

मी तेव्हा लंडनमध्ये बत्तीस नंबरच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर होतो. एजवेअर रोड हा रोमन लोकांचा वॉटलिंग स्ट्रीट, म्हणून असा नाकासमोर सरळ. इ.स. 43 मध्ये त्यांच्या फौजा उतरल्या; वाइन आणि ऑलिव्ह तेल आधीपासून येतच होतं, मागोमाग सैन्य. पुढे राजा आल्फ्रेड आणि डेन लोकांचा गुथ्रम यांच्या तहात हद्द ठरली तीही याच रस्त्यापर्यंत. माणसं यायची ती येतच राहिली. क्रिकलवुडला पूर्वी आयरिश मजूर पहाटे ठेकेदाराच्या व्हॅनची वाट बघत उभे असायचे, आता पूर्व युरोपातले असतात. रंगाने माखलेले बूट, हातात कागदी कपातला चहा. व्हॅन जरा हळू झाली की सगळे एकदम पुढे सरकतात. अगदी कल्याणचा मजूर नाका.

मग काय, दादाला लांबलचक लिहिलं. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला परमुलखातला माल नाणेघाटानेच जुन्नरला चढायचा, त्याच्याच जकातीवर आपला हा रांजण भरला ना? इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे बाहेरून आलेल्या परदेशी माणसाने, जुन्नरच्या लेण्यांत पाण्याची दोन टाकी दान दिली, तसा प्राकृतातला लेख आजही आहे. त्याला कुणी खोली दिलीच असेल की! इथे बघ, कुणी कुणाला विचारत नाही.

(हे शेवटचं खरं नाही. विचारतात, फक्त गोड आवाजात.)

दादाचं उत्तर एका ओळीत : ‘वाड्यातल्या तुझ्या खोलीत गोरखपूरवाला राहतो, भाडं तुझ्या खात्यात जातं, म्हणून एवढा इतिहास.’

जातं. शिवाय मागच्या हिवाळ्यात आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये सहा विद्यार्थी राहायला आले, रिसायकलिंगच्या डब्यात उष्टं टाकायचे. तेव्हा याच दादाला मी फोनवर म्हणालो होतो, ‘आम्ही आलो तेव्हा असले लोक येत नव्हते.’ पोरं सांगलीची होती.

पाडव्याला त्यांतलाच एक महाराष्ट्र मंडळात भेटला, डॉलिस हिल लेनला. पंगतीत शेजारीच बसला.

‘काका, तुम्ही मूळचे कुठले?’

‘जुन्नर.’

‘मग आता तिथे कोण असतं?’

मी पुरणपोळीवर तूप वाढून घेतलं.