डावा पाय कुठे ठेवायचा?

दिवाळीत मामाने ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि आठव्या दिवशी ती सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबावर जाऊन आदळली. कुणाला लागलं नाही, बंपर गेला. तेव्हापासून नाशिकच्या आमच्या घरात वाद पेटलाय: ब्रेक कोणत्या पायाने मारायचा? मामा म्हणतो, क्लच गेला, डावा पाय रिकामा झाला, मग ब्रेक त्याला देऊन टाका. उजव्याने रेस, डाव्याने ब्रेक, गोंधळच नको. बाबा म्हणतात, चाळीस वर्षं उजव्याने ब्रेक मारलाय, आता काय बदलायचं. वहिनीचा प्रश्न मात्र कुणीच मनावर घेतला नाही. ती म्हणाली, "मी कॉलेजपासून अ‍ॅक्टिव्हा चालवतेय. माझे दोन्ही ब्रेक हातात. मला कुठल्याच पायाची सवय नाही, मी काय करू?"

मी नऊ वर्षं जपानमध्ये, नागोयाजवळ राहते. रस्त्याची डावी बाजू, उजवीकडे स्टिअरिंग, सगळं आपल्यासारखंच. फक्त गाड्या जवळजवळ सगळ्या ऑटोमॅटिक. फक्त ऑटोमॅटिक चालवण्याचं लायसन्स इथे 1991 पासून मिळतं. आणि ब्रेक समजून रेस दाबायची, पायाची ही चूक इथे माणसांच्या जिवावर बेतली आहे. एप्रिल 2019 मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात 87 वर्षांच्या एका चालकाची गाडी भर दुपारी वेगात चौकात घुसली. सायकलवरून जाणारी आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. ब्रेक लागला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता, असा निकाल 2021 मध्ये न्यायालयाने दिला आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. गाडी दुकानाच्या काचेतून आत घुसल्याच्या बातम्याही इथे नव्या नाहीत.

हे मी मामाला सांगितलं तर त्याने मलाच पकडलं. "तिथे सगळे उजव्या पायानेच ब्रेक मारतात ना? मग चूक झाली कशी?"

त्याचा मुद्दा खरा आहे. रिव्हर्स घेताना आपण अंग वळवून मागे बघतो, त्यात टाच नकळत उजवीकडे सरकते. पाय ब्रेकवर आहे असं वाटतं, असतो अ‍ॅक्सिलरेटरवर. गाडी उसळली की घाबरून माणूस आणखी जोरात दाबतो, कारण त्याच्या मनात तो ब्रेकच असतो. मामाचं नेमकं हेच झालं. ब्रेकवर वेगळा पाय असता तर कदाचित झालं नसतं. फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर डाव्या पायानेच ब्रेक मारतात.

तरीही मी मामाच्या बाजूने नाही. त्याच्या डाव्या पायाला तीस वर्षं एकच शिकवण आहे: क्लच खाडकन तळापर्यंत. तो पाय ब्रेकवर ठेवून बघा, साध्या सिग्नलला सगळे पुढच्या काचेवर. मागून रिक्षा असेल तर ती आत. शिवाय दचकलेला माणूस दोन्ही पाय रोवतो, म्हणजे रेस आणि ब्रेक एकदम. अशा वेळी रेस आपोआप तोडण्याची सोय नव्या गाड्यांत असते, सगळ्यांत नाही. आणि मामाची जुनी गिअरची गाडी अजून दारात आहे! शनिवारी ही, रविवारी ती. जुन्या बुलेटला ब्रेक डावीकडे आणि गिअर उजवीकडे असायचा. त्यावरून उतरून दुसऱ्या मोटरसायकलवर बसलेल्यांना विचारा, ऐन वेळी पाय कुठे पडायचा ते.

जपानमध्ये कुमामोतोच्या मासुयुकी नारुसे यांनी दोन्ही कामांचं एकच पेडल बनवलं. रेससाठी पाऊल उजवीकडे सरकवायचं, दाबलं की फक्त ब्रेक. घाबरलेला पाय खालीच दाबतो, हे त्या माणसाने ओळखलं. ते सर्रास झालं नाही. पण सप्टेंबर 2028 पासून नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत चुकीचं पेडल दाबल्यास गाडी आवरणारी यंत्रणा इथे सक्तीची होणार आहे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मामाला शोरूममध्ये फोन जोडून दाखवला, सनरूफ उघडून दाखवलं. पायांबद्दल एक शब्द नाही. मी स्वतः नाशिकला शिकले तेव्हा सरांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक होते आणि ब्रेक बहुतेक तेच मारायचे. लायसन्स मिळेपर्यंत मी एकदाही जोरात ब्रेक मारला नव्हता. इथे लायसन्ससाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागली, तेव्हा शिकवणाऱ्या काकांनी पहिला अर्धा तास फक्त पायांवर घालवला. टाच ब्रेकच्या रेषेत. रेससाठी नुसता चवडा वळवायचा. डावा पाय बाजूच्या फूटरेस्टवर, तिथून हलवायचा नाही. रिव्हर्सला आधी ब्रेक दाबायचा, मग मान वळवायची, आणि गाडी ब्रेक हलके सोडतच मागे न्यायची, रेस द्यायचीच नाही.

वहिनीला मी हेच कळवलं. तिची पाटी कोरी आहे, तिला सगळ्यात लवकर जमेल.

बाबांचं अवघड आहे. ते एकाहत्तरचे आहेत, मधुमेह जुना आहे, तळपायाला मुंग्या येतात असं आईने मागे फोनवर सांगितलं. त्यांच्या बाबतीत डावा की उजवा हा प्रश्नच नाही. पायाखाली पेडल जाणवतं का, हा आहे. इथे 75 नंतर लायसन्स नव्याने घेताना स्मरणशक्तीची चाचणी होते, आणि 2019 या एका वर्षात सुमारे 6 लाख लोकांनी आपणहून लायसन्स परत केलं. हे वाक्य मी त्यांच्यासाठी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. फोनवर बोलण्यासारखं हे नाही.

जानेवारीत येते आहे. मामाला सांगून ठेवलंय, पहिल्या रविवारी सकाळी सहाला मैदानावर यायचं, रिकामी खोकी घेऊन. ताशी चाळीसला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, ते त्याला खोक्यांपाशीच दाखवायचंय. वहिनीला आणू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आधी तीच बसेल. आणि बाबांना तपासणीसाठी डॉक्टरांकडे मी स्वतः घेऊन जाणार आहे, सोमवारी.