‘इंजिन नवीन टाकलंय’ म्हणे!

जुन्या गाडीच्या जाहिरातीत हे एक वाक्य दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. १९९८ ची मारुती झेन, मॉडेलच कंपनीने २००६ ला बंद केलेलं, आणि यांनी म्हणे नवीन इंजिन टाकलंय. कुठून आणलंत? कुठल्यातरी ठोकलेल्या गाडीतून काढलेलं इंजिन तुमच्या गाडीत बसवलंत, एवढंच ना? मग तसं सांगा की. पण नाही. वर त्याचे पंचवीस हजार वेगळे!

मला कार्ब्युरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग) जुनी झेन हवी आहे. १९९३ ला आलेली ती गोलसर बांध्याची, ९९३ सीसीचं अॅल्युमिनियमचं हलकं इंजिन. रविवारी हात काळे करायचे, सवडीने एकेक गोष्ट नीट करायची, बास. पत्र्याला गंज चालेल, सीट फाटलेल्या चालतील, एसी तर नकोच. फक्त इंजिनाबद्दल एक वाक्य खरं बोला. तेवढंही लोकांना जमत नाही.

"हे इंजिन किती चाललंय?" असं विचारलं की माणूस मीटरवर बोट ठेवतो. "बघा ना दादा, ब्याऐंशी हजारच झालेत." अहो, मीटर तुमच्या गाडीचा! इंजिन ज्या गाडीतलं, तिचा मीटर तिच्यासोबत भंगारात गेला. कुठून घेतलं? कुर्ल्याहून. कुर्ल्याला कुठे? सीएसटी रोडला. तिथे जुन्या पार्टची रांगेने दुकानं आहेत, त्यातलं कुठलं? "ते मेस्त्रीला माहीत." मेस्त्री कोण? "तो गावी गेलाय." पावती? पावतीचं नाव काढलं की समोरच्याचा चेहरा असा होतो की मीच चोर.

आणि ती गाडी गरम करून ठेवायची खोड! आदल्या दिवशी फोन करून बजावून सांगायचं, "मी येईपर्यंत स्टार्ट करू नका." हो हो म्हणतात. जाऊन बॉनेटवर हात ठेवावा तर चटका बसतो. "जरा दूध आणायला गेलो होतो." सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच तर सगळं कळतं. व्हॉल्व्हची सीलं गेली असतील तर रात्रभर झिरपलेलं ऑइल जळून निळ्या धुराचा एक भपका निघतो. थंड इंजिनात पिस्टनचा खडखडाट ऐकू येतो, गरम झाल्यावर तो दबतो. हे विकणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं, म्हणूनच तर दूध आणायला गाडी लागते! वर जाड ऑइल ओतून ठेवलेलं असतं, म्हणजे आवाजही दबतो आणि धूरही.

ऑइलचं झाकण उघडून बघायला लागलो तर एक महाशय म्हणाले, "त्यात काय बघायचंय?" त्यात हे बघायचं होतं, की आतून दुधाच्या चहासारखा पिवळट राप बसलाय. ऑइलमध्ये पाणी गेल्याशिवाय असा राप सहसा बसत नाही. कधीकधी नुसत्या जवळच्या जवळच्या फेऱ्यांनी वाफ धरते हे मान्य, पण मग रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलचा तवंग का होता? अॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, एकदा तापून वाकलं की त्याच्या जोडातली पट्टी, गॅस्केट, जातं. मशिनवर प्लेन करून घेतल्याशिवाय नुसतं नवीन गॅस्केट टाकून काही होत नाही. इथे मात्र हेडच्या जोडाला सिलिकॉन थापलेलं, आणि त्यावर चंदेरी रंगाचा स्प्रे. ब्लॉकला रंग देऊन इंजिन नवीन होतं, हा शोध कुणी लावला त्याचा सत्कार करायला हवा.

मेस्त्री लोकांची तर वेगळीच तऱ्हा. ओळखीच्या एकाला पैसे देऊन सोबत नेलं. त्याने कान लावला, दोनदा रेस केली आणि म्हणाला, "मशीन मख्खन आहे साहेब." मी म्हटलं, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघू. तो हसला! "आवाजावरून कळतं हो." अरे बाबा, कळत असेल तुला, पण दाब मोजायचं गेज हजार-दीड हजाराचं येतं. स्पार्क प्लग काढायचे, इग्निशनची जोडणी सोडवायची, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारायचा आणि चारही सिलिंडरचे आकडे लिहून काढायचे. अर्ध्या तासाचं काम. एखादा आकडा खाली आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघायचं. चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकत्रच मेलेले असतील तर संशय त्यांच्या मधल्या गॅस्केटवर. यात जादू काही नाही. पण गेज बाहेर काढलं की मालक म्हणतो, "तुम्हाला घ्यायची नाही वाटतं."

बरं, हे सगळं परवडलं. खरा कहर आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो, तो आरसीवरच्या नंबराशी जुळायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदललं की चौदा दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. किती जण कळवतात? मला तरी एकही भेटला नाही. एका ठिकाणी तर नंबरावर ग्राइंडर फिरवलेला. का फिरवला असेल? तिथे मी चहासुद्धा न घेता निघालो. बाकीच्यांचं उत्तर ठरलेलं, "एजंट करून देतो, काळजी नको." काळजी कशी नको? पंधरा वर्षांवरची गाडी, नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. वीस वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून त्याचे दहा हजार झालेत. आरटीओच्या तपासणीत, पासिंगला, नंबर जुळला नाही तर गाडी माझ्या दारात, आणि एजंटचा फोन बंद. इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं, तर पोलिसांना मी काय सांगू? मेस्त्री गावी गेलाय?

सगळ्यात संताप याचा की बंद पडलेलं इंजिन असेल तरी मी गाडी घेतली असती. सिलिंडर घासून रिबोअर करू, रिंगा टाकू, हेड उतरवू, त्यासाठीच तर स्वस्तातली गाडी शोधतोय. "इंजिन गेलंय, वीस हजारात उचला," असं कुणी सांगितलं तर उद्या टोइंगची गाडी घेऊन येतो. गंजलेली, मोडकी, कशीही असू दे. पण मेलेल्या इंजिनाला चंदेरी रंग फासून त्याचे पंचवीस हजार मागणार असाल, तर मला फोन करू नका. आणि हो, "लास्ट किती देणार?" हे आधी विचारणाऱ्यांनी तर अजिबातच करू नका.