‘नकली क्रिस्टल, पैसे पाण्यात’ या एक स्टार रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

ताई नमस्कार. तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. मुलीच्या सायन्स एक्झिबिशनसाठी तुम्ही आमच्याकडून ऑप्टिकल कॅल्साइटचा पीस नेला आणि तुमचं म्हणणं असं की खाली ठेवलेली अक्षरं डबल दिसतात, सेफ्टी पिनने चरा पडला, आत इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात म्हणजे तडा गेलेला माल, आणि लिंबाने धुतला तर फेस येऊन चकाकी गेली म्हणजे वरून केमिकल मारलेलं. वर ओळखीच्या सराफांनी सांगितलं की हा स्फटिक नाहीच, काच नाहीतर प्लास्टिक आहे. एक स्टार दिलात तो तुमचा हक्क, पण ‘नकली’ हा शब्द मला खरंच लागला, कारण हा खनिजांचा धंदा मी दगडांच्या वेडापायी करतो आणि कॅल्साइट तर माझा सगळ्यात लाडका, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सराफांचं अर्धं बरोबर आहे. हा स्फटिक नाही. स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ, ज्याच्या जपाच्या माळा असतात तो, आणि आम्ही हा पीस स्फटिक म्हणून विकलेलाच नाही, बिलावर कॅल्साइट लिहिलंय बघा. कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडी आणि संगमरवर ज्याचे बनतात तेच, फक्त इथे ते स्वच्छ पारदर्शक होऊन वाढलंय. पण काच किंवा प्लास्टिक? अजिबात नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पहिल्या तक्रारीत आहे.

एक करा. कोऱ्या कागदावर बारीक पेनाने एकच ठिपका काढा, त्यावर पीस ठेवा आणि सरळ वरून बघा. दोन ठिपके दिसतील. आता पीस कागदावरच हळूहळू गोल फिरवा. एक ठिपका जागचा हलणार नाही आणि दुसरा त्याच्याभोवती चक्कर मारेल. काचेचा ठोकळा कितीही फिरवा, ठिपका एकच राहणार. कॅल्साइटमध्ये शिरलेला प्रकाश दोन किरणांत फुटतो, एका किरणाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) कायम १.६५८, दुसऱ्याचा मात्र दिशेप्रमाणे बदलत १.४८६ पर्यंत खाली येतो, म्हणून दोघं वेगवेगळ्या वाटेने बाहेर पडतात. तुमच्यासारख्या नैसर्गिक तिरक्या ठोकळ्यात दर सेंटीमीटर जाडीला दोन ठिपक्यांत साधारण एक मिलिमीटर अंतर पडतं, पट्टी लावून मोजा हवं तर. क्वार्ट्झमध्येही किरण दोन होतात पण तिथे १.५४४ आणि १.५५३ एवढाच फरक, एवढ्या जाडीत डोळ्याला कळतसुद्धा नाही. म्हणजे सराफांना हवा होता तो अस्सल स्फटिक दिला असता तर मुलीला हा प्रयोग दाखवताच आला नसता.

आणि पुढची गंमत तर त्याहून भारी आहे. घरात कुणाचा पोलराइड गॉगल असेल तर त्याची एक काच डोळ्यासमोर धरून त्या दोन ठिपक्यांकडे बघा आणि काच फिरवत जा. एक ठिपका फिका होत होत गायब होईल, अजून ९० अंश फिरवली की तो परत येईल आणि दुसरा जाईल! दोन्ही किरणांची कंपनं एकमेकांना काटकोनात असतात, त्यामुळे गॉगल एकाला अडवतो तेव्हा दुसऱ्याला सोडतो. हे मुलीने टेबलावर करून दाखवलं तर परीक्षक तिथून हलणार नाहीत, मी लिहून देतो.

तुम्ही ज्याला डिफेक्ट म्हणताय ना, त्या डबल दिसण्यावर १६६९ साली कोपनहेगनच्या रास्मुस बार्थोलिन यांनी पुस्तिका काढली होती, आइसलंडहून आलेला कॅल्साइट बघून. मग हॉलंडचे शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी त्याच दगडावर डोकं चालवून प्रकाशाच्या लहरींचं गणित मांडलं. १८०८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मालूस असाच एक तुकडा डोळ्याला लावून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडकीत चमकणारा मावळता सूर्य बघत होते, तुकडा फिरवला तर दोनातलं एक प्रतिबिंब मंद झालं, आणि काचेवरून परतलेला प्रकाशही ध्रुवीकृत होतो, म्हणजे एकाच दिशेत कंप पावतो, हे त्यातून कळलं. १८२८ मध्ये एडिंबराच्या विल्यम निकोल यांनी कॅल्साइट तिरका कापून कॅनडा बाल्समने, म्हणजे झाडाच्या पारदर्शक राळेने, परत चिकटवला, त्या सांध्यावर एक किरण परावर्तित होऊन बाजूला जातो आणि दुसरा सरळ पार. हा निकोल प्रिझम. आपल्याकडच्या साखर कारखान्यातल्या लॅबवाल्यांना विचारा, उसाच्या रसाचा ‘पोल’ काढतात तो पोलरिमीटरवर, साखरेच्या द्रावणातून जाताना ध्रुवीकृत प्रकाशाच्या कंपनाची दिशा किती वळली त्यावरून साखर कळते, आणि जुन्या पोलरिमीटरचा जीव हाच निकोल प्रिझम होता. आता पोलराइड फिल्म स्वस्त मिळते, तरी लेझरच्या लॅबमध्ये आजही कॅल्साइटचेच प्रिझम वापरतात कारण जोरदार लेझरने फिल्म जळून जाते.

बाकीचं पटकन सांगतो. चरा पडणारच, खनिजांचा कडकपणा मोजायच्या मोहसच्या स्केलवर कॅल्साइटचा नंबर ३, सेफ्टी पिनचं पोलाद त्याच्यापेक्षा बरंच कडक. क्वार्ट्झ ७ म्हणून त्याला पिनने काही होत नाही, सराफांना त्याची सवय असेल. लिंबाचा फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आम्ल लागलं की कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं, भूगर्भशास्त्राची पोरं फील्डवर आम्लाचा थेंब टाकून कॅल्साइट असाच ओळखतात, काचेला लिंबू चोळलं तर फेस येणार नाही. म्हणजे अस्सल मालाची टेस्ट तुम्हीच घरी केलीत! चकाकी मात्र त्याने जाते, म्हणूनच डबीतल्या चिठ्ठीवर ‘आंबट, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर लावू नये’ असं छापलेलं असतं. आणि आतले रंग: कॅल्साइट तीन ठरलेल्या दिशांनी फुटतो, त्या पातळीवर आत केसाएवढी फट पडून हवा शिरली की प्रकाशाच्या व्यतिकरणाने, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून, तसे रंग दिसतात. प्रिझम कापायला असला पीस चालत नाही हे खरं, पण प्रिझमच्या ग्रेडची किंमत वेगळीच असते, आणि तुमच्या पीसमधले रंग लिस्टिंगच्या फोटोत आणि व्हिडिओत स्पष्ट दिसतात, आम्ही लपवलेले नाहीत.

नाशिक-जळगावकडे बेसाल्टच्या खाणीत अपोफिलाइट, स्टिल्बाइट या खनिजांच्या जोडीने कॅल्साइट निघतो, पण बराचसा पिवळट किंवा दुधी, म्हणून एवढा स्वच्छ माल आम्ही मेक्सिकोचा ठेवतो. कुणी ‘आपल्याकडचा का नाही’ विचारतं म्हणून हेही सांगून टाकलं.

आता तुमच्यासाठी. पैसे हवे असतील तर पीस आणा, काउंटरवर शेजारी काच आणि क्वार्ट्झ ठेवून ठिपक्याची टेस्ट करू, एकच ठिपका दिसला तर पूर्ण पैसे परत, वाद नाही. आणि ठेवायचा असेल तर गेलेली चकाकी परत आणता येते. कडेला समांतर ब्लेड धरून हलकी टिचकी मारली की वरचा पातळ थर सुटतो आणि खाली नवी कोरी चकचकीत बाजू निघते, तिचे कोनही तेच, ७८ आणि १०२ अंशाच्या आसपास. हे घरी करू नका, तिरका घाव बसला तर तुकडे होतील, आम्ही फुकट करून देऊ. मुलीला बरोबर आणा, तिच्यासमोरच करतो, पोलराइडचे दोन तुकडेही देतो तिला एक्झिबिशनसाठी. सोमवारी बंद असतं, बाकी रोज ११ ते ८.