कोणाला कळणारसुद्धा नाही

दात सरळ करायला अलाइनर, म्हणजे दातांवर बसणारा पारदर्शक प्लास्टिकचा साचा, लावायचं ठरवलं की सगळे एकच सांगतात, कोणाला कळणारसुद्धा नाही. खोटं नाही हो, लावलेला अलाइनर खरंच कोणाला दिसत नाही, पण तो लावताना मी मात्र अख्ख्या ठाण्याला दिसलेय.

म्हणजे बघा, हा साचा, म्हणजे ट्रे (असे एकामागून एक बदलत जायचे), तोंडात नुसता कोंबायचा नसतो. आमच्या नौपाड्यातल्या डॉक्टर मॅडमनी (वयाने माझ्या भाचीएवढी मुलगी, पण तिच्यापुढे मी शाळेतल्यासारखी बसते) हातात आरसा देऊन शिकवलं की आधी पुढच्या दातांवर टेकवायचा, मग बोटांच्या टोकांनी दोन्ही बाजूंनी हळूहळू मागे दाढांपर्यंत दाबत जायचं, कट् कट् आवाज आला की बसला. दातांनी चावून अजिबात बसवायचा नाही, प्लास्टिकला तडा जातो. पटलं मला. लगेच तिने एक छोटीशी रबरी गुंडाळी हातात ठेवली, तिला च्युई म्हणतात, आणि म्हणाली, आता ही चावा. मी म्हटलं अहो आत्ताच तर चावायचं नाही म्हणालात! तर म्हणे बसवायला चावायचं नाही, बसवल्यावर चावायचं. एकेका दाताखाली गुंडाळी धरायची, दाबायची, थोडं थांबायचं, सोडायची, पुढचा दात. आणि हे दर वेळी, ट्रे काढून परत घातला की.

कारण दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवलेले असतात, अटॅचमेंट्स, आणि ट्रेमध्ये त्यांच्या मापाच्या खोबणी. उंचवटा खोबणीत गेला नाही की ट्रे वर तरंगतो आणि दाताचं टोक नि प्लास्टिक यांच्यात फट दिसते. ही फट म्हणजे ट्रे पुढे निघून गेला आणि दात मागे राहिला. माझा वरचा उजवा, पटाशीच्या शेजारचा छोटा दात हा त्यातला. मॅडम म्हणाल्या तो बऱ्याच जणांचा असाच अडून बसतो, आकाराने लहान, प्लास्टिकला धरायला पुरेशी जागाच नाही. बाकीचे मोठे दात निमूटपणे जातायत आणि याच्यासाठी सगळे थांबलेत. घरोघरी एक असतोच असा.

तसंही एका ट्रेमध्ये दात सरकणार जास्तीत जास्त पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी घोडबंदर रोडला गायमुखच्या अलीकडे आपली गाडी सरकते त्याच स्पीडने. तेवढ्यासाठी तो दिवसाचे 20 ते 22 तास तोंडात पाहिजे. उरलेल्या वेळात नाश्ता, जेवण, चहा, आल्यागेल्याचा चहा, शेजारच्यांनी आग्रहाने दिलेला चहा, आणि प्रत्येकानंतर ब्रश. साधं पाणी सोडून काहीही प्यायचं तर ट्रे काढायचा, चहाने डाग पडतात आणि कडक गरम असला तर प्लास्टिक वाकतंही. हळदीबद्दल तर बोलायलाच नको, आमटीचा एक भुरका नि ट्रे पिवळा.

या आजकालच्या अलाइनरची कल्पना ज्याच्या डोक्यातून आली त्या झिया चिश्तीने केल्सी वर्थला सोबत घेऊन 1997 मध्ये अमेरिकेत कंपनी काढली, इनव्हिजलाइनवाली. दोघं स्टॅनफर्डचे, आणि दातांचे डॉक्टर दोघांपैकी कोणीच नाही. वर्थबाईंचं एक वेळ समजू शकते मी, पण चिश्तीचं बालपण लाहोरमध्ये गेलेलं, चहा म्हणजे काय हे त्याला माहीत नसेल का? तरी म्हणे 22 तास!

सकाळी घरातून निघतानाच चहा होतो, त्यामुळे च्युईचा कार्यक्रम ठाणे-नेरूळ लोकलमध्ये. लेडीजमध्ये समोर बसलेल्या मावशी रोज मला तोंड हलवताना बघायच्या, एक दिवस न राहवून म्हणाल्या, "बाई, चांगल्या घरातली दिसतेस, सोड गं ती सुपारी." मी सांगायला गेले की मावशी हे दातांचं आहे, पण गुंडाळी तोंडात नि वरून दोन ट्रे, त्यांना काय ऐकू गेलं देव जाणे, त्यांनी शेजारणीला सांगितलं की दात सळसळतात म्हणून खाते. संध्याकाळी मेथी निवडणाऱ्या ग्रुपपर्यंत ते पोचलं होतं. एकीने लवंग दिली.

बोलण्याची तर आणखी मजा, नवीन ट्रे घातला की पहिले एक-दोन दिवस स चा श होतो. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं काशारवडवली, तो म्हणाला काशिमिरा नाय जाणार. मी परत जोर देऊन म्हटलं, काशार, काशार! तो म्हणाला ताई एकदा सांगितलं ना, तेवढ्या लांब नाय. शेवटी मी आनंदनगर सांगून बसले आणि पुढचा रस्ता हाताने दाखवला.

परवा तपासणी झाली. मॅडमनी फटीत डोकावून पाहिलं, म्हणाल्या थोडी कमी झालीये, हाच ट्रे अजून आठवडाभर ठेवू, च्युई वाढवा, नाहीच ऐकलं त्याने तर परत स्कॅन करून नवे ट्रे. आणि सगळं झालं की रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात परत हलू नयेत म्हणूनचा साचा, रात्री झोपताना घालायचा. मी विचारलं किती दिवस? त्या नुसत्या हसल्या, म्हणजे कळलंच.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या बेसिनपाशी कवळी धूत होत्या, धुऊन डबीत ठेवली, आणि बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "म्हणजे मी रात्री काढणार नि तू रात्री घालणार." तिथेच उभी राहून मी आरशात बघून ट्रे दाबत होते, मग च्युई. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"आम्हाला नव्हतं हो कोणी असलं रबर दिलं," म्हणाल्या. "मी भाकरीवर बसवली माझी."