एहदेनचे ख्रिस्ती आणि आपलं सोपं गणित

लेबनॉनचा विषय निघाला की कुणीतरी हमखास एका ओळीत निकाल लावतो: "तिकडे काय, ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान!" अशांना मी एहदेनची गोष्ट सांगतो.

एहदेन उत्तर लेबनॉनच्या डोंगरात आहे. वस्ती मॅरोनाइट पंथाच्या ख्रिस्त्यांची, उंची साधारण १,५०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा जरा जास्तच. खाली त्रिपोलीजवळचं झगर्ता हेही याच लोकांचं. हिवाळा झगर्त्यात काढायचा, उन्हाळा लागला की बिऱ्हाड वर. नगरपालिकासुद्धा दोन्हींची एकच. आपली माथेरान-महाबळेश्वरं साहेबाने स्वतःच्या सोयीसाठी वसवली. इथे आधी गावकरीच वर जातात, पर्यटक त्यांच्या मागून. मग मिदान चौकातले कॅफे रात्री उशिरापर्यंत गजबजलेले, आणि ताटात झगर्त्याचा प्रसिद्ध किब्बे. (खिमा आणि दलिया एकत्र. नुसतं वर्णन वाचून भूक लागते.) जवळच कादिशाची दरी. तिथल्या कोझहाया मठात १६१० साली सिरियाक लिपीत स्तोत्रं छापली गेली. बशर्री, खलील जिब्रानचं गाव, याच दरीच्या माथ्यावर.

याच एहदेनमध्ये १३ जून १९७८ रोजी टोनी फ्रांजिये, त्याची बायको व्हेरा आणि तीन वर्षांचीही नसलेली मुलगी जिहान यांना घरात घुसून मारलं. सोबत आणखी जवळपास तीस माणसं. टोनी हा माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा. मारणारे फलांजिस्ट, म्हणजे फलांज या ख्रिस्ती पक्षाचे बंदूकधारी, म्हणजे तेही मॅरोनाइटच! हल्ल्याच्या म्होरक्यांपैकी समीर जाजाचं घराणं तर शेजारच्या बशर्रीचं. तो स्वतः वाटेतच जखमी झाला, टोनीच्या घरापर्यंत पोचला नाही. भांडण कशाचं? फ्रांजिये सीरियाच्या बाजूचे, फलांजिस्टांचं सूत इस्रायलशी, आणि ख्रिस्ती मुलखात हुकूम कुणाचा चालणार हा खरा प्रश्न. त्यात धर्म कुठे आला?

टोनीचा बारा वर्षांचा मुलगा सुलेमान त्या दिवशी एहदेनमध्ये नव्हता म्हणून वाचला. पुढे तो राजकारणात आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॅरोनाइटांच्या धर्मप्रमुखासमोर, म्हणजे पॅट्रिआर्कसमोर, त्याने जाजाशी हात मिळवला. इतकं होऊनही २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी सुलेमानच्या पाठीशी शिया मुसलमानांची हिजबुल्ला उभी होती आणि जाजा ठाम विरोधात.

आता या सुलेमानला "ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान"च्या कुठल्या बाजूला बसवायचं, ते एका ओळीत निकाल लावणाऱ्यांनीच कमेंटमध्ये सांगावं.